अंगावरचे वळ कोण बघणार?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

केअरटेकरनं म्हाताऱ्या बाईला मारलं, घरच्या कॅमेऱ्यात सापडलं, व्हिडिओ व्हायरल झाला, गुन्हा दाखल झाला, अशा बातम्या आपल्या पेपरात अधूनमधून येतात. बहुतेक पुण्या-मुंबईच्या नाहीतर नागपूरच्या असतात, लोक दोन दिवस हळहळतात, व्हॉट्सअॅपवर पुढं पाठवतात आणि मग दुसरं काही येतं. माझं हे पत्र त्या लोकांसाठी आहे ज्यांचा व्हिडिओ कोणी काढतच नाही, आपल्या इकडच्या खेड्यातली आणि तालुक्याच्या गावातली डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश झालेली म्हातारी माणसं, ज्यांना काल मारलं हे आज त्यांचं त्यांनाच सांगता येत नाही.

मी यवतमाळ जिल्ह्यात आरोग्य सेविका म्हणून नोकरी केली, आता रिटायर आहे, तरी आजूबाजूच्या गावात कोणाकडं बेडसोरचं, म्हणजे पडून पडून झालेल्या जखमेचं ड्रेसिंग असलं, लघवीची नळी बदलायची असली की लोक बोलावतात आणि मी जाते. त्यामुळं जे पाहुण्याला दिसत नाही ते मला दिसतं. पाहुणा येतो, खाटेजवळ पाच मिनिटं बसतो, "वळखलं का आजी" म्हणतो, चहा पिऊन जातो. मला पांघरूण काढावं लागतं, कूस बदलावी लागते, पाठ, कंबर, मांड्या बघाव्या लागतात. आणि जे बघितलं त्यावरून माझं ठाम मत झालंय की ज्या पेशंटला काही आठवत नाही त्याच्या अंगावरची खूण हीच त्याची तक्रार धरली पाहिजे, आणि ती खूण बघायची जबाबदारी घराबाहेरच्या कोणावर तरी सरकारनं टाकली पाहिजे. आज ती कोणावरच नाही.

एका घरी आजीच्या दोन्ही मनगटांवर कातडी सोललेली, खाली काळे पट्टे. जुन्या लुगड्याचा काठ फाडून तिला रात्री खाटेला बांधत होते. मुलगा-सून बाहेरगावी, घरी पगारी ठेवलेली बाई. ती मला म्हणाली, "रात्री उठून जाते जी, एखांद्या दिवशी विहिरीत पडन, मंग माह्यावरच येईन ना." तिची भीती खोटी नव्हती हे मी मान्य करते, कारण या आजारात दिवस मावळायला लागला की माणूस घाबराघुबरा होतो, स्वतःच्याच घरात बसून "मले घरी जायचं हाय" म्हणत दाराकडं निघतो. पण बांधलेला माणूस लघवी खाटेवरच करतो, त्याची पाठ लागते, सांधे आखडतात, सुटायसाठी रात्रभर ओढून ओढून कातडी फाटते. त्यावर उपाय होता, दाराला वर उंचावर कडी, त्या खोलीत एक लहान लाइट, संध्याकाळी अंगणात दोन चकरा, आणि रात्रीला दुसरं माणूस. दुसऱ्या माणसाचे पैसे द्यायचे नव्हते म्हणून काठ फाडला गेला. अहो, मनोरुग्णालयात सुद्धा पेशंटला असं बांधता येत नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो की जिवाला धोका असेल आणि दुसरा काहीच इलाज नसेल तरच, मनोविकार तज्ज्ञाच्या परवानगीनं, तेवढ्यापुरतं बांधायचं, शिक्षा म्हणून नाही आणि स्टाफ कमी आहे म्हणून तर अजिबात नाही. हे दवाखान्याला लागू, घरातल्या खाटेपाशी बघायला कोण येतं?

दुसरे एक रिटायर मास्तर, त्यांना घरच्यांनी शहरातल्या एका खाजगी केंद्रात ठेवलं होतं, पैसेवाली माणसं आहेत, महिन्याला भरपूर मोजत होते. सणाला घरी आणलं तेव्हा ताप होता म्हणून मला बोलावलं. दंडाच्या आतल्या बाजूला बोटांचे गोल गोल डाग, एका अंगाला चार आणि दुसऱ्या अंगाला अंगठ्याचा एक. केंद्रातल्यांनी सांगितलेलं की बाथरूममध्ये पडले. आता हे जरा नीट लिहते कारण हे सगळ्यांना कळलं पाहिजे. म्हातारा माणूस पडतो तेव्हा गुडघा, कोपर, कपाळ, मनगट, खुबा असं हाडाच्या जागी लागतं. दंडाची आतली बाजू, मांडीची आतली बाजू, कानामागं, पाठीचा मधला भाग, इथं पडून सहसा लागत नाही. उलट हेही खरं आहे की म्हातारपणी कातडी पातळ होते, रक्त पातळ करायची गोळी चालू असली की हाताच्या मागच्या बाजूला नुसतं घासलं तरी निळं होतं, म्हणून प्रत्येक डाग बघून ठेवलेल्या बाईवर आरोप करू नये. पण डाग कुठं आहे हे तरी बघा ना. मास्तरांना मी विचारलं, कोणी मारलं का. ते माझ्याकडं बघून हसले आणि हजेरी घ्यायला लागले, एकेका पोराचं नाव घेऊन. त्या घरानं तक्रार केली नाही, कारण मास्तर सांगू शकत नव्हते आणि केंद्रवाले म्हणत होते पडले, मग पुरावा काय. फक्त त्यांना परत पाठवलं नाही.

मारण्यापेक्षा जास्त मी काय बघितलं असेल तर पाणी बंद करणं. हे लोकांना अत्याचार वाटतच नाही. रात्री बिछाना ओला होतो म्हणून संध्याकाळी चारनंतर म्हाताऱ्याला पाणी द्यायचं नाही असा नियमच करून ठेवतात, पगारी माणसं तर करतातच, डायपरचे पैसे वाचवायला घरचेही सांगतात. आपल्या विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, लाइन गेली की कूलर बंद, वरून टिनाची खोली, आणि या पेशंटला तहान लागली हे कळतही नाही, कळलं तर मागता येत नाही. मग लघवी लाल-पिवळी होते, जळजळ होते, लघवीचं इन्फेक्शन होऊन ताप चढतो, माणूस आणखी बरळतो, हात झटकतो, मग "लय उत्पात करून राह्यला" म्हणून त्याला झोपेची गोळी. असा माणूस गेला की म्हणतात वय झालं होतं. ओठ कोरडे, जीभ चिकटलेली, एवढं बघितलं असतं तरी कळलं असतं. रोज पाणी किती पाजलं ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायला लावा, मी ज्या घरी जाते तिथं हे पहिलं सांगते.

गोळ्यांचंही तसंच. क्वेटियापिन, रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल ही मनोविकाराची, पेशंटला शांत करायची औषधं डॉक्टर कधीकधी देतात, थोडी, थोड्या दिवसांसाठी, ते मी समजू शकते. पण चिठ्ठी एकदाची आणली की मेडिकलमधून महिनोन्महिने तीच गोळी येते आणि एकाची दोन कधी झाली ते कोणी बघत नाही. अमेरिकेच्या औषध खात्यानं २००५ मध्येच, आणि हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांबद्दल २००८ मध्ये, इशारा दिला होता की डिमेन्शियाच्या म्हाताऱ्या पेशंटला अशी औषधं दिली तर मृत्यूचा धोका वाढतो. ज्या पेशंटची खोली दिवसभर शांत आहे, जो बसल्या बसल्या लाळ गाळतो, जेवता जेवता झोपतो, तिथं आधी गोळ्यांची पत्ती मोजून बघा.

आणि अंगठा. श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे दीड हजार असोत की पेन्शन असो, म्हातारीला गाडीवर बसवून न्यायचं, मशीनवर अंगठा लावायचा, पैसे कोणाच्या खिशात गेले हे तिला विचारून काय कळणार. यात पगारी माणसापेक्षा नातेवाईक जास्त असतात, म्हणून इथं जास्त लिहत नाही, तो वेगळा विषय होईल.

आता ठेवलेल्या बायांबद्दल. मी त्यांच्यातल्या कितीतरी जणींना ओळखते, काही माझ्या सेंटरवर बाळंत झालेल्या आहेत. नवरा दारू पिऊन पडलेला नाहीतर गेलेला, वावर नाही, लेकरं मायकडं ठेवून दहा-बारा हजारात चोवीस तास दुसऱ्याच्या म्हाताऱ्याचं हागणं-मुतणं काढतात. महिनोन्महिने सुट्टी नाही, रात्री झोप नाही, त्याच त्या माणसानं तोच प्रश्न दिवसातून पन्नास वेळा विचारायचा. वरून म्हातारी म्हणते माझी पाटली हिनंच चोरली, नखं मारते, आणि काही घरात जातीवरून जे बोलतात ते मी इथं लिहू शकत नाही, आयुष्यभर मनात दाबून ठेवलेलं या आजारात तोंडावाटे बाहेर येतं आणि ते ऐकायचं कोणी तर तिनं. घरी माणसं पुरवणारा ब्युरोवाला तिच्या पगारातून कमिशन कापतो आणि शिकवत काही नाही, आज शेतात निंदायला जाणारी बाई उद्या "ट्रेन्ड केअरटेकर" म्हणून पाठवतो. हे सगळं मला माहीत आहे आणि तरी मी म्हणते की ज्याला उलटून मारता येत नाही, सांगता येत नाही, त्याच्यावर हात उचलणं याला माफी नाही. तिची परिस्थिती सुधारली पाहिजे आणि हातही थांबला पाहिजे, एकासाठी दुसरं सोडायचं कारण नाही.

सगळ्यात जास्त मार कुठं बसतो तर न्हाणीत. जरा विचार करा, आजीला ही बाई कोण ते ओळखू येत नाही, आणि ही अनोळखी बाई तिचे कपडे काढायला लागते, अंगावर पाणी टाकते. तिच्या हिशोबानं कोणीतरी तिच्यावर हल्ला केलाय, ती ओरडणारच, चावणारच. हे माहीत नसलेली बाई म्हणते मुद्दाम करते, आणि चापट बसते, पहिल्यांदा चापट, मग सवय. शिकवायला लागतं ते फार थोडं आहे. मागून जाऊन हात लावायचा नाही, समोरून यायचं, नाव घेऊन बोलायचं, पाणी आधी पायावर टाकायचं, साबण त्यांच्याच हातात द्यायचा, अंगावर टॉवेल ठेवून एकेक भाग धुवायचा, आणि नाहीच म्हटलं तर सोडून द्यायचं, ओल्या फडक्यानं पुसलं तरी चालतं, रोज आंघोळ झालीच पाहिजे असं काही नाही. हे मी घरच्या पायरीवर बसून दोन-तीन बायांना सांगितलं आणि त्यांच्या घरचा आरडाओरडा कमी झाला. वाईट मनाच्या असत्या तर ऐकलं नसतं.

मुलांनी कॅमेरा लावून ठेवलाय, पुण्यात बसून मोबाईलवर बघतात, पण कॅमेरा बैठकीत असतो आणि न्हाणीत तो लावता येत नाही, लावूही नये. महिन्यातून एकदा न सांगता या, स्वतःच्या हातानं आईची आंघोळ घाला, तेव्हा जे दिसेल ते कॅमेऱ्यात कधीच दिसणार नाही. सांगून आलात तर गादीवर नवी चादर असते.

हा आजार आपल्याकडं कमी आहे असं कोणी समजू नये. २०२३ मध्ये देशभराच्या पाहणीवरचा एक मोठा अभ्यास आला, त्यात साठीच्या वरच्या १०० माणसांत सात-आठ जणांना, म्हणजे भारतात साधारण ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज आहे, आणि शहरापेक्षा खेड्यात जास्त, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. आपल्याकडं त्याला म्हातारचळ म्हणून सोडून देतात, दाखवायचं म्हटलं तर यवतमाळ नाहीतर सेवाग्राम-सावंगी नाहीतर सरळ नागपूर. आणि जागतिक आरोग्य संघटनेनं वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकत्र केले त्यात म्हाताऱ्यांच्या संस्थांमधल्या दर तीन कर्मचाऱ्यांपैकी दोघांनी स्वतः कबूल केलंय की गेल्या वर्षभरात आपल्या हातून असं काहीतरी वाईट वागणं झालं. ते बाहेरच्या देशांतले, जिथं ट्रेनिंग आहे, तपासणी आहे. ऑस्ट्रेलियात ओकडन नावाचं सरकारी केंद्र होतं, डिमेन्शियाच्या आणि मानसिक आजाराच्या म्हाताऱ्या पेशंटचं, तिथं बांधून ठेवणं, औषध जास्त देणं, अंगावर डाग हे सगळं चालू होतं, तपासणीचे कागद मात्र बरोबर होते. एका कुटुंबानं आपल्या माणसाच्या अंगावरचे डाग बघून पिच्छा सोडला नाही म्हणून ते उघडं पडलं, २०१७ मध्ये ते बंद झालं आणि पुढं पूर्ण देशासाठी शाही आयोग बसला, २०२१ मध्ये त्याचा अहवाल आला, १४८ शिफारशी. सुरुवात कुठून झाली, तर घरच्यांनी अंग बघितलं तिथून.

आपल्याकडं कायदा नाही असं नाही, पण तो तुकड्या-तुकड्यात आहे. २००७ चा आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे, त्यात पोटगी मिळते, एसडीओ साहेबांकडं अर्ज करता येतो, म्हाताऱ्या माणसाला कुठं नेऊन सोडून दिलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही आहे, पण पगारी माणसानं मारलं तर काय, ब्युरोची नोंदणी कुठं, याबद्दल त्यात काही नाही. २०१९ मध्ये लोकसभेत सुधारणा विधेयक आलं होतं, त्यात म्हाताऱ्यांची केंद्रं आणि घरी माणूस पुरवणाऱ्या संस्था यांची नोंदणी घातली होती, ते पास झालंच नाही. मारहाणीचं, डांबून ठेवण्याचं कलम तर सगळ्यांना लागू आहेच. आणि एक कलम आहे जे मी एका वकील साहेबांकडून ऐकलं, फार कमी लोकांना माहीत आहे. जुन्या भादंविचं ४९१, आता भारतीय न्याय संहितेचं ३५७. आजारामुळं किंवा मनाच्या स्थितीमुळं जो स्वतःचं करू शकत नाही त्याची देखभाल करायचा करार करून जाणूनबुजून ती केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. दंड आधी २०० रुपये होता, आता ५००० पर्यंत. म्हणजे पाणी बंद करणं, लघवीत पडू देणं हे नुसतं "दुर्लक्ष" नाही, गुन्हा होऊ शकतो. पण त्यासाठी करार होता हे दाखवता आलं पाहिजे, आणि आपल्याकडं तोंडी ठरतं, "दहा हजार अन् जेवण". एका साध्या कागदावर तरी लिहा, काम काय, तास किती, सुट्टी कधी, रात्रीला कोण. तो कागद पेशंटला वाचवेल आणि काम करणाऱ्या बाईलाही.

ठाण्यात गेलं की म्हणतात, पेशंट भ्रमिष्ट आहे, बयान कसं घ्यायचं. डोक्याचा आजार आहे एवढ्यावरून कोणाची साक्ष बाद होत नाही, प्रश्न समजतो का आणि उत्तर देता येतं का एवढंच बघायचं असतं, असं कायदाच म्हणतो. आणि साक्ष अजिबात देता आली नाही तर डॉक्टरचा कागद आहे, फोटो आहे. आमच्या डॉक्टर साहेबांना माझी हात जोडून विनंती आहे, केसपेपरवर "पडून मार" असं ऐकून लिहू नका, डाग कुठं आहे, केवढा आहे, मनगटावर पट्टा आहे का, हे जसं दिसलं तसं लिहा. तो केसपेपर पुढं एकमेव साक्षीदार असतो.

आता मागणी. नवीन माणसं भरा, नवी योजना काढा असं मी म्हणतच नाही. आशाताई तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म, म्हणजे आजारांची शक्यता बघायचा प्रश्नांचा कागद, भरतात, त्यात साठीच्या वरच्यांसाठी वेगळे प्रश्न आहेत, जेवण-कपडे अशा रोजच्या कामाला दुसऱ्याची मदत लागते का, आणि जवळच्या माणसांची नावं किंवा स्वतःच्या घरचा पत्ता विसरता का. म्हणजे कोणत्या घरात असा पेशंट आहे हे सरकारच्या कागदावर लिहलेलं आहे. पुढं काय होतं, फॉर्म अपलोड होतो, बस. बाळ जन्मलं की त्याच आशाताई ४२ दिवसांत सहा-सात वेळा घरी जातात, वजन घेतात, नाळ बघतात, अंग गरम-थंड बघतात, कारण बाळ बोलू शकत नाही. डिमेन्शियाच्या माणसाकडं महिन्यातून एकदा तरी आशाताई नाहीतर आरोग्य मंदिराच्या (उपकेंद्राच्या) सीएचओ म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी मॅडम गेल्या, पांघरूण काढून पाठ, मनगटं, दंड, मांड्या बघितल्या, जीभ बघितली, गोळ्या मोजल्या, वजन लिहलं, तर अर्धं काम होईल. आशाताईंना या भेटीचा वेगळा मोबदला द्या, त्यांच्यावर आधीच कामं लादलेली आहेत, फुकटात आणखी एक नको. आणि ज्या घरी पगारी माणूस आहे त्याची नोंद ग्रामपंचायतीत असावी, त्या माणसाला पीएचसीत दोन दिवसांचं शिक्षण मिळावं, आंघोळ, पाणी, कूस बदलणं, राग आला की काय करायचं. ब्युरो चालवणाऱ्यांची नोंद कामगार खात्यात नाहीतर समाजकल्याणमध्ये, कुठंतरी एका ठिकाणी व्हावी.

तोवर वाचकांना एवढंच, शेजारच्या घरातून रात्री म्हाताऱ्या माणसाचं ओरडणं ऐकू येत असेल तर "आजारच तसा हाय" म्हणून दार लावून घेऊ नका. १४५६७ हा ज्येष्ठ नागरिकांचा फोन आहे, एल्डरलाइन, फुकट लागतो. सांभाळणाऱ्या माणसाला ताण असह्य झाला असेल, मग तो घरचा असो की पगारी, तर १४४१६ वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य फोनवर बोलता येतं. तुमच्या पेपरात पहिल्या पानावर नाही तर रोजच्या एका कोपऱ्यात हे दोन नंबर छापत जा.

मी आमच्या ग्रामपंचायतीला अर्ज दिलेला आहे की पुढच्या ग्रामसभेत पगारी माणूस ठेवलेल्या घरांची नोंद आणि आशाताईंच्या भेटीचा ठराव घ्यावा. सरपंच ताईंनी विषयपत्रिकेत घेते म्हटलंय. ठराव झाला तर त्याची नकल तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना नेऊन देणार आहे, नाही झाला तर पुढच्या सभेत परत मांडेन. आणखी कोणत्या गावाला असा ठराव घ्यायचा असेल तर पेपरच्या पत्त्यावर कळवावं, मी येऊन बोलायला तयार आहे.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सेविका
ता. दारव्हा, जि. यवतमाळ
(नाव छापू नये ही विनंती, ज्या घरांबद्दल लिहलंय ती ओळखू येतील.)